मांजराचे केस झडतात तेव्हा

घरातल्या मांजराच्या पोटावरचे किंवा शेपटीच्या बुडाजवळचे केस विरळ होऊ लागतात, मानेवर बारीक खपल्या येतात, ते सारखे खाजवत बसते. अशा वेळी पुष्कळ घरांत दोन उपाय सुचतात. एक तर जंतुनाशकाची बाटली निघते, नाहीतर मांजराला पिशवीत घालून मासळीबाजाराजवळ सोडून दिले जाते. तिथे त्याला खायला मिळेल, अशी मनाची समजूत घातली जाते. घरात लहान मूल असले तर दुसरा उपाय अधिक लवकर सुचतो. आपल्या उपनगरांत गावठाणातल्या घरांपासून अंधेरी-मुलुंडच्या वनरूम किचनपर्यंत मांजरे सगळीकडे आहेत, म्हणून हा विषय रविवारच्या पत्रिकेत आणण्याचे धाडस करतो आहे. प्रश्न असा: आपल्या घरातल्या मुक्या प्राण्याच्या कातडीचे आपण काही देणे लागतो का? आणि लागत असलो, तर किती?

आधी दुखणे समजून घेऊ. मांजराचे केस बहुधा आपोआप झडत नाहीत. ते स्वतःच चाटून चाटून ते तोडते, आणि तेही आपण कामाला गेल्यावर किंवा रात्री. म्हणून आपल्याला फक्त उघडी कातडी दिसते. यामागचे नेहमीचे कारण म्हणजे पिसवा. काही मांजरांना पिसवेच्या लाळेचीच ॲलर्जी असते आणि मोजके चावेही त्यांना पुरतात. पिसू दिसली नाही म्हणून ती नाही असे समजू नये, कारण मांजर ती चाटून गिळते. दाट कंगव्याने अंग विंचरावे आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. पिसवांची अंडी अंथरुणात आणि फरशीच्या फटींत पडतात, त्यामुळे नुसत्या मांजरावर औषध घालून भागत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत त्या अधिकच वाढतात. दुसरे कारण खरूज. ती बहुधा कानांच्या कडांपासून सुरू होते. तिसरे नायटा, म्हणजे बुरशी. याखेरीज अन्नाची ॲलर्जी आहे, म्हाताऱ्या मांजराचे थायरॉइडचे दुखणे आहे, आणि घर बदलल्याने किंवा नवे जनावर घरात आल्याने बसलेला ताणही आहे. मात्र बाकी सगळे तपासून झाल्याशिवाय ताणाचे नाव घेऊ नये.

आता बाटलीविषयी. फिनाइलसारखी जंतुनाशके मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. कुत्र्याच्या गोचिडांवरच्या औषधांत पुष्कळदा परमेथ्रिन असते. त्याने मांजराला झटके येतात, मृत्यूही येतो. माणसाच्या खरजेवरचे बेंझिल बेंझोएटही त्याला विषारी आहे. अंगावर लावलेले सगळे ते चाटणार, म्हणजे ते पोटात जाणारच. हे सगळे दयेपोटी केले जाते, हे मला मान्य आहे. पण ज्या दयेने बाटलीवरची दोन ओळींची सूचना वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत, तिला दया म्हणायला मी कचरतो.

आपल्या बायबलमध्ये मांजर भेटते ते एकाच ठिकाणी, बारूखच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात, आणि तेही मूर्तींवर बसलेले. (प्रोटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये तो ग्रंथ नसल्याने त्यांच्याकडे तेवढेही नाही.) कातडीविषयी मात्र जुन्या करारात पुष्कळ आहे. लेवीय ग्रंथाचा तेरावा अध्याय आपल्याला कंटाळवाणा वाटतो, पण तो सावकाश वाचावा. अंगावर चट्टा आलेल्या माणसाला याजकाने लगेच छावणीबाहेर घालवायचे नाही. चट्टा पाहायचा, त्यातले केस पाहायचे, शंका असली तर सात दिवस वेगळे ठेवायचे, पुन्हा पाहायचे, गरज पडली तर आणखी सात दिवस थांबायचे. ज्याचे नुसते केस गळले आहेत तो टकला झाला असला तरी शुद्धच आहे, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे (लेवीय १३:४०). तो नियम माणसांसाठी होता, मांजरांसाठी नाही. तरीही घालवून देण्याआधी नीट पाहण्याची जी शिस्त त्यात आहे, ती आपल्या दारात चालायला हरकत नसावी.

नायट्याची भीती खरी आहे. मांजरापासून तो मुलांना होतो, आणि बुरशीचे बीज गळलेल्या केसांत महिनोन्महिने जिवंत राहते. पण त्यावर औषध आहे, मुलालाही आणि मांजरालाही. काही आठवडे मांजराला एका खोलीत ठेवावे लागते, चादरी धुवाव्या लागतात, केर रोज काढावा लागतो. बाजारात सोडलेले मांजर ती बुरशी बरोबर घेऊन जाते. आपल्या घरातली अडचण आपण कोळणीच्या टोपलीपाशी ठेवून येतो, एवढेच. प्राणी उपाशी मरेल अशा स्थितीत त्याला विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड ठेवला. सदसद्विवेकबुद्धीचा हिशेब त्या आकड्यावर होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

"इथे माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही मांजराचे काय घेऊन बसलात?" असे कुणी विचारील. हा आक्षेप हलका नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (क्रमांक २४१८) दोन्ही बाजू शेजारी शेजारी आहेत: प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, तसेच माणसांचे दुःख निवारण्यासाठी जो पैसा आधी जायला हवा, तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. मला दिसते ते असे, की या दुसऱ्या वाक्याचा आधार पुष्कळदा ज्यांनी माणसांवरही काही खर्च केलेला नसतो ते घेतात. लूकच्या शुभवर्तमानात (१६:१९-३१) श्रीमंताच्या दारात फोडांनी भरलेला लाजर पडला होता आणि कुत्रे येऊन त्याचे फोड चाटत होते. त्या श्रीमंताने कुत्र्यांवर पैसे उधळले आणि म्हणून लाजर उपाशी राहिला, असे प्रभू येशू सांगत नाही. दारातले दुखणे त्याच्या नजरेतच आले नव्हते.

तरी मर्यादा आहे, आणि ती स्पष्ट बोलावी. मुलाच्या फीचे पैसे मांजराच्या महागड्या तपासण्यांत घालवणे मला योग्य वाटत नाही. धर्मग्रामातल्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या पेटीतून मांजरासाठी मदत मागू नये; तो पैसा उपाशी कुटुंबांचा आहे. परंतु बहुतेक दुखण्यांत प्रश्न तिथवर जातच नाही. पिसवांचे योग्य औषध मानेवर घालणे, अंथरूण उन्हात टाकणे, फटी झाडणे, यांत पैशापेक्षा वेळ अधिक जातो. परळला बाई सकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, मुंबईच्या एस.पी.सी.ए. या १८७४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने ते उभे केले. उपनगरांतून तिथे जायला अर्धा दिवस मोडतो. जवळपास जनावरांचा डॉक्टर असेल तर आधी त्याला दाखवावे.

जाताना एवढे मात्र लिहून न्यावे: खाज कधी सुरू झाली, आधी कुठले केस गेले, खाणे बदलले का, घरात आणखी कुणाला खाज आहे का, आणि घरी आधीच काही लावले असेल तर ते काय. बाटली फेकून दिली नसेल, तर तीही बरोबर न्यावी.