दान की देणे?

मरणाचे स्मरण ठेवावे, ही आपल्या धर्मजीवनातील जुनी शिकवण. नोव्हेंबर महिन्यात आपण कबरी साफ करतो, मेणबत्त्या लावतो, मृतांच्या नावाने मिस्सा अर्पण करतो. परंतु त्याच मरणाचे भान ठेवून मृत्युपत्र करावे, असे कोणी सुचवले, तर घरातील मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. वडिलांच्या देखत हा विषय काढणे अशुभ वाटते, आणि वडिलांच्या पश्चात तोच विषय भावंडांना कोर्टात नेतो. म्हणून मृत्युपत्राचा विचार केवळ वकिलावर सोडून चालणार नाही. ज्याला आपण 'माझे' म्हणतो ते खरोखर किती माझे, हा त्यातील मूळ प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम कायदा पाहू. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू आहे. पिता मृत्युपत्र न करता निवर्तला, तर एक तृतीयांश मिळकत त्याच्या विधवेला व दोन तृतीयांश मुलांना समसमान मिळते. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. मृत्युपत्र करणाऱ्यावर मात्र हे प्रमाण बंधनकारक नाही. जन्मतःच मिळकतीत हक्क, ही हिंदू एकत्र कुटुंबातील कल्पना आपल्या कायद्याला ठाऊक नाही. पिता सर्व काही एकाच मुलाला देऊ शकतो, परक्यालाही देऊ शकतो. शेजारच्या गोव्यात, पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नियमानुसार, मुले असताना अर्धी मिळकत राखीव राहते. ती मृत्युपत्राने इतरत्र देता येत नाही. आपल्याकडे ही मर्यादा नाही. कायद्याने जी घातली नाही, ती विवेकाने घालून घ्यावी लागते.

'मी कष्टाने मिळवले, मी वाटेल त्याला देईन,' असे म्हणणाऱ्याचे सारेच चूक नाही. पण वाडीत राबलेली पत्नी, शाळा सुटल्यावर भाजीच्या जुड्या बांधणाऱ्या मुली, यांचे कष्ट सात-बाराच्या उताऱ्यावर नोंदले जात नाहीत, म्हणून ते नव्हतेच असे होत नाही. दुसरा युक्तिवाद असा, की मुलीच्या लग्नात खर्च केला, दागिने घातले, तेव्हाच तिचा वाटा संपला. मग मुलाच्या लग्नाचा मांडव कोणाच्या पैशाने उभा राहिला? ईयोबाच्या ग्रंथाच्या अखेरीस मुलींना भावांबरोबरीने वारसा मिळाल्याची नोंद आहे. विशेष म्हणजे तेथे मुलींची नावे दिली आहेत, मुलांची नाहीत.

याचा अर्थ सर्वांना मोजून सारखे देणे हाच न्याय, असाही नव्हे. अपंग मुलाला अधिक द्यावे, आईवडिलांच्या सेवेत अविवाहित राहिलेल्या मुलीच्या नावे घर करावे, हे उचितच आहे. गरज आणि ऋण पाहून केलेला भेद न्यायाच्या कक्षेत राहतो. केवळ मुलगी म्हणून केलेला राहत नाही. हक्कसोड पत्रावर बहिणीने राजीखुशीने सही केली तर तिचे औदार्य मोठे. पण सही न केल्यास माहेरचे दार बंद होईल, या भीतीने ती केली असेल, तर त्या कागदाला दान म्हणता येणार नाही.

कायदा काही माणसांना विसरतोही. मृत्युपत्र नसेल, तर पूर्वीच निवर्तलेल्या मुलाच्या विधवेला सासऱ्याच्या मिळकतीत वाटा नाही. तिच्या मुलांना आहे. मुले मागे ठेवून गेलेल्या माणसाच्या वृद्ध आईलाही काही मिळत नाही. अशांची आठवण ठेवणे केवळ मृत्युपत्रालाच शक्य असते.

आणि चर्चला देणगी? निकटचे नातलग असता धर्मादाय कार्यासाठी मृत्युपत्राने दान करण्यावर कलम ११८ ची कडक अट होती. मृत्युपत्र मरणापूर्वी किमान बारा महिने झालेले असावे लागे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ते कलम घटनाबाह्य ठरवले. ही मोकळीक स्वागतार्ह आहे. तरीही संत मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, देवाला वाहिले असे सांगून आईवडिलांचे देणे चुकवणाऱ्यांना प्रभू येशूने दोष दिला आहे, हे विसरू नये. आधी देणे, मग दान.

व्यवहाराच्या गोष्टी थोड्या आहेत. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही. नोंदणी ऐच्छिक असली तरी उपयुक्त आहे. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही द्यायचे आहे त्याने किंवा त्याच्या पतिपत्नीने साक्ष करू नये. केल्यास त्याला दिलेले रद्द होते. लग्नापूर्वी केलेले मृत्युपत्र लग्नाने रद्द ठरते. हयातीत ते केव्हाही बदलता येते.

मृत्युपत्र वाचले जाते तेव्हा ते लिहिणारा खुलासा करायला नसतो. म्हणून सही करण्यापूर्वी मुलगे, मुली, सुना यांना एकत्र बसवून मनातले सांगावे. ज्या वाटणीचे कारण मुलीच्या डोळ्यांत पाहून सांगता येत नाही, ती कागदावर लिहू नये.