जुन्या वस्त्राला ठिगळ

वस्तू जुनी झाली म्हणजे ती टाकून देण्याचा अधिकार आपल्याला आपोआप प्राप्त होतो काय? प्रश्न वरकरणी घरगुती आहे. नीतिशास्त्राच्या ग्रंथात त्याला स्वतंत्र प्रकरण मिळणार नाही. परंतु रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा येथील संगणकदुरुस्तीच्या लहानशा दुकानांत तो नित्य उभा राहतो. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप गिऱ्हाईक टेबलावर ठेवते आणि विचारते, "याच्यात काही दम आहे का हो अजून, की नवीनच घेऊ?" दुकानदार यंत्र उलटे करतो, मागचे स्क्रू न्याहाळतो आणि उत्तर देण्याऐवजी विचारतो, "वापरता कशासाठी?" आमच्या मते या प्रतिप्रश्नात अर्धे नीतिशास्त्र सामावले आहे.

अशा यंत्राचा आजार बहुधा एकच असतो. ते बिघडलेले नसते, मंदावलेले असते. २०१२-१३ च्या सुमारास मध्यमवर्गीय कुटुंबाने घेतलेल्या साधारण लॅपटॉपात ४ जीबी मेमरी आणि ५०० जीबींची फिरती हार्ड डिस्क असे. मेमरी म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा आणि डिस्क म्हणजे माळा, असे आम्ही आमच्यापुरते समजून घेतले आहे. ओट्यावर जे मांडलेले असते ते हाताशी असते, पण वीज गेली की ओटा क्षणात रिकामा होतो. माळ्यावरचे मात्र तसेच राहते. ओटा अपुरा पडू लागला म्हणजे यंत्र हाताशी हव्या असलेल्या वस्तूही माळ्यावर नेऊन ठेवते आणि गरज पडली की पुन्हा उतरवते. त्यात माळा म्हणजे मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी चकती आणि तिच्यावर तरंगत जागा शोधणारी एक सुई. मग एक पत्र उघडायला चहा करून होईल एवढा वेळ लागतो यात नवल नाही.

उपाय ठरलेला आहे. पाठीमागची पट्टी उघडून ४ जीबींच्या जागी ८ जीबी मेमरी बसवायची. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी लावायची, जिच्यात फिरणारा एकही भाग नसतो. काढलेली जुनी डिस्क चांगली असेल, तर डीव्हीडीचा कप्पा रिकामा करून कॅडी नावाच्या चौकटीतून ती तेथे बसवायची. सिनेमाच्या तबकड्या आता कोण लावतो? कॅडीची जाडी मात्र पाहून घ्यावी लागते, कारण काही यंत्रांना साडेनऊ मिलिमीटरची लागते, काहींना पावणेतेरांच्या जवळपासची. विंडोजची ३२-बिट आवृत्ती असेल तर ती ४ जीबींपलीकडची मेमरी वापरतच नाही, तेव्हा प्रणालीही बदलावी लागते. सुटे भाग बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतात. आणि आपल्या कोकणच्या दमट हवेत कधी कधी यातले काहीच करावे लागत नाही. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने पुसून ती पुन्हा बसवली की मेलेले यंत्र उठून बसते! पावसाळ्यात हे खोडरबर दुरुस्तीच्या टेबलावर पकडी-पेचकसाइतकेच मानाने वावरते.

खर्च काही हजारांचा. नवे यंत्र पस्तीस-चाळीस हजारांचे आणि बहुधा हप्त्यांनी. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या बापाला मुलीच्या महाविद्यालयासाठी यातले काय निवडावे हे सांगायला तत्त्वज्ञ नको. तरीही तो अडखळतो. जुन्याला पैसे लावणे म्हणजे गरिबी उघडी करणे, असे त्याला कुठेतरी वाटत असते. मुलीलाही वाटते. मैत्रिणींच्या पातळ, चकचकीत यंत्रांशेजारी आपले जाडजूड यंत्र उघडताना तिला काय वाटत असेल, याची थट्टा आम्ही करणार नाही. लाज ही खरी वेदना आहे. प्रश्न एवढाच, की त्या वेदनेची किंमत दोन वर्षांच्या हप्त्यांनी मोजावी काय.

येथे एखादा श्रद्धाळू वाचक आम्हांस शुभवर्तमानाची आठवण देईल. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावीत नाही, असे प्रभू येशूने म्हटले आहे. नवा द्राक्षारसही जुन्या बुधल्यांत कोणी भरीत नाही. मग जुन्या लॅपटॉपला नवी मेमरी कशी चालेल? दाखला नव्या कराराच्या आनंदाविषयी आहे, दुरुस्तीविषयी नाही, हे आम्ही जाणतो. तरी तो ऐकणाऱ्यांकडे पाहावे. ती ठिगळे लावणारी माणसे होती. कोरे कापड धुतल्यावर आटते आणि जुन्याला ओढून फाडते, हे ज्याच्या घरात सुईदोरा आहे त्यालाच ठाऊक असते. दाखला ठिगळाची निंदा करीत नाही. न जुळणाऱ्या ठिगळाचा परिणाम तो सांगतो. मेमरीच्या बाबतीतही हेच घडते. डीडीआर-३ जातीच्या पट्टीला २०४ टोके असतात, डीडीआर-४ जातीच्या पट्टीला २६०, आणि मधली खाच दोन्हींत वेगवेगळ्या ठिकाणी असते. नवी पट्टी कितीही चांगली असली तरी जुन्या खोबणीत जात नाही. जोर लावला तर खोबणीच तुटते. जुन्याला काय सोसेल हे आधी जाणून घेणे, एवढे पथ्य त्या दाखल्यातून आम्ही घेतो.

जुने टिकविण्याला सरसकट सद्गुण म्हणायला मात्र आम्ही तयार नाही. आपल्या घरांत माळ्यावर बंद पडलेले रेडिओ, कान तुटलेले कप आणि कुणाच्याच उपयोगाच्या नसलेल्या वायरींची भेंडोळी वर्षानुवर्षे पडून असतात. ती काटकसर नव्हे. तो कृपणपणाचाच एक भाऊ आहे, आणि तो धुळीत राहतो. दुरुस्ती ती, जिच्यामुळे वस्तू पुन्हा कामाला लागते. घरात तांब्यापितळेची भांडी होती तेव्हा कल्हईवाला येत असे. तो भांडे जपून ठेवायला सांगत नसे, उद्या त्यात आमटी शिजावी म्हणून कल्हई करीत असे.

पेणची ओळख गणेशमूर्तींच्या कारखान्यांनी झाली आहे. आमचे हिंदू शेजारी वर्षभर राबून त्या मूर्ती घडवितात आणि अखेर त्या पाण्यात विसर्जित होतात. शाडूची मूर्ती विरघळते, माती मातीला मिळते. तिचे नष्ट होणे हाच तिच्या जीवनक्रमाचा भाग आहे. प्लास्टरची मूर्ती तशी विरघळत नाही, म्हणूनच तो वाद न्यायालयांपर्यंत गेला. लॅपटॉपला तर कोणतेच विसर्जन नाही. त्यातले शिसे, तांबे, प्लास्टिक कोणत्याही नदीला नको आहे, कुंडलिकेलाही नाही आणि भोगावतीलाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा निर्माण झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला तो सुमारे २२ टक्के. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो आपल्या घरी येण्यापूर्वीच, खाणीत आणि कारखान्यात, घडून गेलेला असतो. म्हणून तो आणखी चार वर्षे चालविणे हे वीज वाचविण्यापेक्षा मोठे काम ठरते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीवर बोट ठेवले, तेव्हा वस्तू टाकण्याची सवय आणि माणसे टाकण्याची सवय त्यांनी वेगळी मानली नव्हती.

पण दोष गिऱ्हाइकाच्याच माथी मारणे अन्यायाचे होईल. अलीकडच्या पुष्कळ पातळ लॅपटॉपांत मेमरी मुख्य पाटीवर कायमची डाखलेली असते. ॲपलने २०१२ च्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये हे केले आणि पुढे इतरांनीही तोच मार्ग धरला. ती पट्टी काढता येत नाही, वाढविताही येत नाही. विकत घेतानाच यंत्राचे म्हातारपण ठरून गेलेले असते. जी वस्तू आपण उघडू शकत नाही ती खरोखर आपल्या मालकीची म्हणावी काय? उत्पादक म्हणतील, त्यामुळे यंत्र हलके झाले, वेगवान झाले. ते खोटे नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्याविषयी निर्देश संमत केला. हक्क हा शब्द तेथे योग्यच आहे. आम्हांस मात्र त्याच्या जोडीला कर्तव्य हाही शब्द हवासा वाटतो, कारण उघडता येणारे यंत्र मागणारे गिऱ्हाईकच नसेल तर ते कोण बनवील?

आणखी एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नित्याचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले, आणि विंडोज ११ ची अट जुनी यंत्रे पुरी करीत नाहीत. मेमरी वाढवा, डिस्क बदला, त्यांना त्या दारातून रीतसर प्रवेश नाही. लिनक्ससारखी मोफत प्रणाली बसविता येते आणि पत्रलेखन, अभ्यास, इंटरनेट यांना ती पुरते. ती शिकून घ्यावी लागते, एवढेच. बँकेचे व्यवहार करणाऱ्याने साहाय्य संपलेली प्रणाली चालवीत राहणे मात्र आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही. काटकसर म्हणून स्वीकारलेला धोका कुटुंबातल्या सगळ्यांवर पडतो.

यातूनच दानाचा प्रश्न निघतो. धर्मग्रामात कुणाकडे जुना लॅपटॉप पडून असतो आणि तो "एखाद्या गरीब मुलाला द्या" असा निरोप येतो. हेतू चांगला असतो. तथापि दहा मिनिटे सुरू व्हायला घेणारे, बॅटरी न टिकणारे यंत्र देऊन आपण त्या मुलाला काय देतो? आपली अडगळ, आणि वर कृतज्ञतेचे ओझे. दोन-चार हजार खर्चून, मेमरी आणि डिस्क बदलून, प्रणाली नीट बसवून दिले तर तेच दान ठरते. आपण स्वतः ज्यावर काम करू तेच द्यावे, अशी कसोटी आम्ही सुचवितो. ती कठीण आहे, आणि ती लावल्यास दानाच्या कित्येक वस्तू दारातूनच परत जातील.

आतापर्यंत आम्ही यंत्राविषयी बोललो. त्याच्या पोटातल्या स्मृतीविषयी बोलायचे राहिले. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'च्या दहाव्या भागात स्मृतीची तुलना विस्तीर्ण दालनांशी केली, आणि विसरलेली गोष्ट विसरलेली आहे हे तरी आपल्याला कसे आठवते, या कोड्यापाशी ते थबकले. संगणकाला हे कोडे पडत नाही. तो एक तर जपतो किंवा पुसतो, आणि गंमत अशी की पुसले असे सांगतो तेव्हाही बहुधा पुसलेले नसते. फिरत्या डिस्कवरील फाईल आपण काढून टाकतो तेव्हा तिची फक्त नोंद जाते. मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, तेथेच असतो आणि जाणकाराला परत मिळविता येतो. जुनी डिस्क भंगारात देताना हे ध्यानी घेतले पाहिजे. तिच्यावर आपली छायाचित्रे असतात तशी दुसऱ्यांची गुपितेही असतात. कुणाचे वैद्यकीय कागद, कुणाच्या विवाहाची बोलणी, चर्चच्या कार्यालयातील यंत्र असेल तर बाप्तिस्म्याच्या नोंदी. आपले विस्मरण ही दुसऱ्याच्या अब्रूची राखण असू शकते. पूर्ण डिस्कवर नव्याने लिहून मगच ती हातावेगळी करावी.

याच्या उलट, जे जपायचे ते प्रत करूनच जपले जाते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. त्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ मात्र आपल्यापर्यंत आला, कारण श्रद्धावंतांनी तो हाताने उतरवून घेतला, एका वहीतून दुसऱ्या वहीत. १९०७ मध्ये मंगळूर येथे सालढाणा यांनी तो संपादून छापला तो अशाच हस्तलिखितांवरून. नव्या एसएसडीवर जुन्या डिस्कची प्रत उतरविणारा मुलगा तेच करीत असतो, फक्त त्याला चार महिन्यांऐवजी चार तास लागतात. आणि एसएसडी हीदेखील शाश्वत नव्हे. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तिच्यातील मजकूर क्षीण होऊ शकतो. त्या मानाने चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंदवही शंभर पावसाळे सोसते, वाळवीपासून राखली तर.

पेणमध्ये काय आणि रोह्यामध्ये काय, चांगला दुकानदार काढलेला जुना भाग स्वतःकडे ठेवून घेत नाही. २ जीबींची ती पट्टी तो कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हाती देतो. "तुमची आहे, तुम्ही ठरवा," म्हणतो. तिचे काय करायचे ते बहुतेकांना कळत नाही, आणि ती पिशवीत तशीच घरी येते.