आजोबांची बंदूक

वाचक माऊली, वारकऱ्यांच्या मासिकात बंदुकीचा विषय कशाला, असे तुमच्या मनात येईल. माझ्याही आले होते. पण गेल्या कार्तिकीला एका माळकऱ्याने जो प्रश्न विचारला, तो बंदुकीचा असला तरी बंदुकीपुरता नव्हता. म्हणून तो तुमच्यापुढे ठेवतो.

हे गृहस्थ सावंतवाडीकडचे. आषाढीला त्यांच्याकडे भाताची लावणी असते, म्हणून वारी कार्तिकीची. वाळवंटातले कीर्तन संपल्यावर ते जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "बुवा, घरात आजोबांची ठासणीची बंदूक आहे. नळी आतून गंजली आहे. कारागीर म्हणतो, नळी बदला. धाकटा भाऊ म्हणतो, नळी बदलली तर आजोबांची बंदूक राहिली कुठे? घासूनपुसून तीच वापरू. मी काय करावे?"

माळकऱ्याच्या घरात बंदूक कशी, हे आधी सांगतो. कोकणात भात पोटरीला आले की रानडुकरे उतरतात आणि एका रात्रीत वर्षाचे अन्न तुडवून जातात. त्यासाठी तिकडे शेतीसंरक्षणाचा परवाना देतात. या घरात आजोबांपासून रीत अशी की छर्रे भरायचे नाहीत, नुसती दारू ठासून बार काढायचा. आवाजाने जनावर पळते. खंडेनवमीला त्या बंदुकीला झेंडूचे फूल वाहतात. एवढेच तिचे घरातले स्थान.

आता नळी का गंजते ते पाहा. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू ओततात, वर चिंधी घालून गजाने ठासतात, मागे केप बसवतात आणि चाप ओढतात. ही दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळाली की नळीत बरीच काजळी राहते, आणि ती काजळी हवेतली ओल ओढून घेते. बार काढल्यावर लगेच गरम पाण्याने नळी धुवून, कोरडी करून तेलाचा हात दिला नाही, तर गंज धरतो. गंजाचे पुढे खड्डे होतात. ते बाहेरून दिसत नाहीत. नळीच्या मागच्या अंगाला, जिथे दारू पेटते आणि जोर सर्वांत जास्त असतो, तिथेच ते घातक. भावाने नळी बाहेरून घासून चकचकीत केली होती. पण फुटणारी नळी आतून फुटते.

मी विचारले, "बार काढताना जवळ कोण असते?"

ते म्हणाले, "मुलगा. गज धरून उभा असतो."

माऊली, इथे प्रश्न बदलला. आजोबांची आठवण एका बाजूला आणि नातवाच्या पोराचा हात, डोळा दुसऱ्या बाजूला. ज्या आदराची किंमत शेजारी उभ्या असलेल्या लेकराने द्यायची, तो आदर कसला?

तरी भावाचे म्हणणे उडवून लावू नका. त्याच्या बोलण्यात माया आहे. नळीवर जिथे आजोबांचा डावा हात असायचा, तिथले लोखंड गुळगुळीत झाले आहे. ते नव्या नळीला कुठून आणणार? आणि सोय म्हणून जुने टाकत गेलो तर एक दिवस घरात आपल्या आधीचे काहीच उरणार नाही. पण त्याच बंदुकीचा दस्ता वडिलांनी एकदा बदलला होता, घोड्याची कमान दोनदा. तेव्हा कोणी म्हटले नाही की आता ही आजोबांची राहिली नाही. आपल्या दिंडीतही वीण्याच्या तारा बदलतात, पखवाजाची पुडी बदलते, पताकेचे कापड बदलते. वीणा तोच म्हणून आपण पाया पडतो. तेव्हा वस्तू बदलल्याने वारसा तुटतो असे नाही, आणि काहीही बदलले तरी चालते असेही नाही. मग पाहायचे काय?

यावर कारागिरांचा एक जुना मार्ग आहे. अमेरिकेच्या डोंगराळ मुलुखात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ठासणीच्या लांब बंदुका असत. त्यांच्या नळीत आतून पिळदार आटे पाडलेले असत, म्हणजे गोळी गरगरत सरळ जाते. आपल्या कोकणातल्या बहुतेक ठासणीच्या नळ्या आतून सपाट, त्यांना हे आटे नसतात. तिकडचे लोखंड मऊ. वापराने, गंजाने आटे झिजत. मग कारागीर नळी फेकत नसे, मनाचे नवे आटेही पाडत नसे. होते तेच आटे, त्याच पिळाने, केसभर खोल कापून घेई. त्याने नळीचे पोट किंचित मोठे होई, म्हणून गोळीचा साचाही वाढवावा लागे. वळण पूर्वजांचे, धार नवी.

हे ऐकून तुम्हाला नाथमहाराज आठवले असतील. ज्ञानेश्वरी शके 1212 ची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातोहात उतरवली गेली आणि नकलांत अपपाठ शिरले. शके 1506 मध्ये एकनाथमहाराजांनी प्रती मिळवून पाठ शुद्ध केला. त्यांच्यासारख्या समर्थ कवीला जुन्या शब्दांच्या जागी आपले शब्द घालणे अवघड नव्हते. त्यांनी घातले नाहीत, आणि दुसऱ्या कोणी आपल्या ओव्या त्यात मिसळू नयेत असे बजावून ठेवले. गंज काढला, वळण राखले. "जसे आले तसे राहू दे, हात लावू नका" ही श्रद्धा असती तर आज आपल्या हाती चुकांचे गाठोडे असते.

पण लोखंड आणि ग्रंथ यांत एक फरक आहे. ग्रंथ शुद्ध केल्याने पातळ होत नाही, नळी होते. आतून कापत गेले की भिंत कमी होते. खड्डे वरवरचे असतील तर साफ करून भागेल. खोल असतील तर कितीही माया असली तरी त्या नळीत पुन्हा विस्तव पेटवू नये. तिने विसावा घ्यावा आणि नवी बसवावी.

आता मुख्य गोष्ट. इंग्लंडात बर्मिंगहॅमला 1813 च्या कायद्याने बंदुकांचे परीक्षागृह झाले. तिथे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात. नळी टिकली तर तिच्यावर शिक्का बसतो. पुढे त्या नळीवर तिला कमजोर करणारे काम झाले, तर जुना शिक्का चालत नाही. पुन्हा परीक्षा. आपल्याकडचा 1959 चा शस्त्र कायदाही तसाच. परवाना ज्याच्या नावाचा त्याचाच. तो गेला की शस्त्र विनाविलंब जमा करायचे, आणि वारसाने आपल्या नावाने परवाना मागायचा. दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्या कारागिराकडूनच. काढलेली नळीदेखील कायद्याने शस्त्रच, ती माळ्यावर टाकून चालत नाही. म्हणजे बंदूक वारशाने येते, पात्रता येत नाही.

आता आपल्याकडे वळून पाहा. "आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे," असे आपण अभिमानाने सांगतो. पण पणजोबा चालले ते त्यांच्या पायांनी. त्यांच्या गळ्यातली माळ आपल्याला मिळाली असेल, पण माळेचे नेम आपल्यालाच पाळावे लागतात. पाऊस आपल्याच अंगावर येतो. दिंडीत कोणी टाकून बोलले तर राग आपल्यालाच गिळावा लागतो. पणजोबांनी गिळलेला राग आपल्या खात्यावर जमा होत नाही.

मी त्या गृहस्थांना शेवटी एक विचारले, "आजोबा बार काढल्यावर काय करत?"

ते म्हणाले, "रात्र किती झाली तरी चुलीवर पाणी ठेवत. नळी धुतल्याशिवाय अंथरुणाला पाठ लावत नसत."

"आणि त्यांच्या माघारी?"

ते गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सकाळी धुऊ म्हणून राहायचे. मग राहूनच जायचे."

माऊली, उत्तर त्यांचे त्यांनाच सापडले. आजोबांची नळी कारागीर काढणार नव्हता. ती घरातल्याच आळसाने आधीच गेली होती. नळीला हात लावू नका म्हणणाऱ्या त्या घरात, आजोबांचा हात रोज जे काम करत होता ते कोणी केले नव्हते. मी एवढेच म्हटले, "जाणत्या, परवान्याच्या कारागिराला दाखवा. तो नको म्हणाला तर नवी नळी रीतसर बसवा, दस्ता तोच ठेवा. तोवर मुलाला जवळ उभे करून बार काढू नका. आणि नवी बसली की पहिल्या रात्री चुलीवर पाणी ठेवा. मुलाला शेजारी बसवून धुवा. भावाला सांगा, आजोबांचे राहिले ते हे."

तुमच्या घरी बंदूक नसेल. आजोबांची पोथी असेल, टाळ असतील, एखादा नेम असेल. तो जपतो म्हणताना आपण नुसते बाहेरून घासतो आहोत, की रात्रीचे पाणी तापवतो आहोत, एवढे आज निजण्यापूर्वी पाहा.

रामकृष्ण हरि.