अभिषेक कोणासाठी?

रसायनशास्त्र शिकवण्यात हयात गेली, तरी शिवलिंगाला ‘स्वयंभू’ म्हणणाऱ्यांशी माझं कधी भांडण झालं नाही. बस्तरच्या कुटुमसर गुहेत मात्र सासूबाईंनी मला पेचात पकडलं.

नागपूरहून रायपूरमार्गे जगदलपूर आणि तिथून पुढे कांगेर घाटीचं जंगल, १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान. गुहेचं तोंड इतकं अरुंद की अंग चोरूनच उतरावं लागतं. आत उकाडा आणि पायाखाली निसरडं. डबक्यातल्या फिकट माशांना आमच्या दिव्याचं काही सोयरसुतक नव्हतं. अंधारात पिढ्या गेल्या, तशी त्यांची दृष्टीही गेली.

पुढे चुनखडीचं शिवलिंग. छतातून थेंब पडत होता, माथा ओला नि चकचकीत. सासूबाईंनी हात पुढे केला तोच वाटाड्या म्हणाला, “छूना मत, माताजी.”

“सूनबाई, देवाले हात नाही लावायचा, मंग का लांबूनच टाटा करू?”

मी समजावलं. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवत खाली येतं. गुहेच्या हवेत तो वायू निसटला की विरघळलेल्या चुनखडीचा पुन्हा दगड होतो. वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा चढला तरी पुष्कळ. हाताचं तेल लागलं की थर नीट धरत नाही, वाढ खुंटते.

मला उज्जैन आठवलं. महाकालेश्वराचं लिंग झिजतंय म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१७ मध्ये दर भक्ताला अर्धा लिटर शुद्ध पाण्याची मर्यादा आली, २०२० मध्ये लिंग घासायलाही मनाई झाली. म्हणजे आपल्या अभिषेकाने तिथे देव झिजतो आणि इथे आपल्याविना चाललेल्या अभिषेकाने तो वाढतो. मग भक्ताचं काम काय? मला वाटतं, पुष्कळदा बाजूला होणं. श्रावणी सोमवारी आमच्याकडे नागपुरात तेलंगखेडीच्या महादेवाला गर्दी उसळते, तेव्हा कुटुमसर बंद असते, कारण आत पाणी भरतं. धार जोरात असते नेमक्या त्याच दिवसांत तिथे ना पुजारी, ना रांग.

परतताना गाडीत हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तो वाढंन हजार वर्षांनी,” त्या म्हणाल्या, “मले त आजच मागायचं होतं.”