गट्टूंखाली गाडलेला वर्ग

हिंगोली जिल्ह्यातल्या काळ्या रानात वसलेल्या गावांत जूनचा पहिला दमदार पाऊस झाला, की शाळेचे आवार ओलांडणे ही कसरतच होते. कयाधू-पूर्णेच्या खोऱ्यातली माती अशी लगडते, की मुले चपला हातात घेऊन वर्गात येतात. उन्हाळ्यात त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून थोडाफार निधी हाती आला, की गावाची पहिली मागणी बहुधा सिमेंटच्या गट्टूंची असते. गट्टू बसले की चिखल संपतो, झाडलोट सोपी होते, शाळा नीटनेटकी दिसते. मागणी रास्त आहे. पण फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळेच आवार गट्टूंनी झाकले, तर शाळेतला सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त वर्ग बंद होतो.

भिंतीबाहेरचा वर्ग महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे चारायला जात आणि शाळेचा फळा तसाच कोरा राहत असे. मग शिक्षकच गुरांमागे गेले आणि कुरणशाळा उभी राहिली. मोजायला खडे आणि बिया, रंग-आकार ओळखायला पाने-फुले. कोसबाडने एक गोष्ट सिद्ध करून दाखवली: शिकण्याचे साहित्य मुलांच्या अवतीभवती पडलेलेच असते, ते हेरून मांडणारा शिक्षक मात्र घडवावा लागतो.

सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत बर्कली शहरातल्या वॉशिंग्टन शाळेत हाच विचार दुसऱ्या वाटेने आला. 1972 साली रॉबिन मूर या आवार-रचनाकाराने शिक्षक, पालक आणि मुलांना हाताशी धरून शाळेच्या दीड एकर डांबरी आवारातला काही भाग फोडून काढला. तिथे तळी, झाडी आणि गवत आले. मुले त्या आवाराची नुसती वापरणारी नव्हती, आखणारीही होती. आणि 2020 साली फिनलंडच्या संशोधकांनी शिशुशाळांच्या अंगणात जंगलातली माती आणि गवत अंथरून पाहिले. अवघ्या 28 दिवसांत मुलांच्या त्वचेवरचे सूक्ष्मजीव वैविध्यपूर्ण झाले आणि रक्तातही प्रतिकारशक्तीला अनुकूल बदल दिसले. माती म्हणजे घाण, हे समीकरण त्यामुळे पुन्हा तपासावे लागते.

हिंगोलीच्या शाळेने मात्र बर्कलीची नक्कल करायचे कारण नाही. इथे उन्हाचा कडाका वेगळा, माती वेगळी, पीक वेगळे. आखणी इथूनच सुरू व्हायला हवी.

सुरुवात पाहण्यापासून करावी. आठवडाभर मधल्या सुट्टीत मुले कुठे बसतात, कुठून पळतात, सावली कोणत्या वेळी कुठे पडते, पावसाचे पाणी कुठे तुंबते, हे चौथी-पाचवीच्या मुलांनी कागदावर उतरवावे. असा नकाशा काढला की एक गोष्ट बहुतेक ठिकाणी लख्ख दिसते. मोकळे सपाट मैदान धीट, मोठ्या मुलांच्या क्रिकेटचे असते. मुली आणि लहानगे भिंतीच्या कडेला उभे. आवारात चार कोपरे तयार झाले, एखादा मातीचा उंचवटा, झाडाभोवतीचा पार, वेलीचा मांडव, वाळूचा खड्डा, की ही कडेला उभी राहणारी मुलेही आवाराची मालक होतात. गट्टूंची गरज आहे ती फाटक ते वर्ग आणि वर्ग ते स्वच्छतागृह एवढ्या वाटेपुरती.

झाड लावताना शोभेपेक्षा बिऱ्हाड पाहावे. एका लिंबोणीच्या झाडावर महिनाभर जीवशास्त्राचा तास चालतो. कोवळ्या पानावर मोहरीहूनही लहान, पिवळसर अंडे दिसते. त्यातून निघालेली अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळपट-पांढरी असते, म्हणून खाणाऱ्यांची नजर चुकवते. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते. काडीने हलकेच डिवचले की डोक्यामागून नारिंगी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मग रेशमाच्या एका दोऱ्यावर रेलून कोष, आणि एके सकाळी ओले पंख वाळवत बसलेले फुलपाखरू. हे चित्र पुस्तकातही असते, पण पुस्तकातली अळी शिंग काढत नाही.

दुसरा धडा वसमतच्या हळदीचा. भौगोलिक मानांकन मिळवलेले हे पीक जिल्ह्याची ओळख आहे आणि त्याचे वर्ष शाळेच्या वर्षाशी नेमके जुळते. जूनमध्ये मुलांनी दोन वाफ्यांत बेणे लावावे, दर पंधरवड्याला पानांची उंची मोजून आलेख काढावा, फेब्रुवारी-मार्चमध्ये वाफा खणावा. जेठा गड्डा कोणता, हळकुंड कोणते, हे मजुरीला जाणारी आई वर्गाला दाखवू शकते. त्या दिवशी शाळेची बाई ती असते. ज्या घरात पुस्तके नाहीत, त्या घरातले ज्ञान शाळेत येण्याची ही वाट आहे.

पाण्याचे गणित छपरावर लिहिलेले असते. शंभर चौरस मीटर छपरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, की 2500 लिटर पाणी खाली येते. सरळ बाटलीचा पर्जन्यमापक करून हा हिशेब मुलांनीच मांडावा. खिचडी खाऊन हात धुतलेले पाणी केळीच्या आळ्यात जावे, उरलेले शोषखड्ड्यात. शेजारच्या नांदेड जिल्ह्याने शोषखड्ड्यांचा कित्ता घालून दिलाच आहे. पालापाचोळ्याच्या खतासाठी नाडेप टाके बांधावे. ती पद्धत पैनगंगेपलीकडच्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांची. पाण्यासारखाच उन्हाचाही धडा आवारात मिळतो: उभा रोवलेला एक सरळ कळक सावलीचे घड्याळ होतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटाकडे, ढग नसतील तर, दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान त्याची सावली नाहीशी होते. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा मंजूर झालेल्या जिल्ह्यात खगोलशास्त्राचा पहिला पाठ शाळेच्या मातीत मिळायला हवा.

अडचणी खऱ्या आहेत. साप-विंचवाची भीती खोटी नाही. म्हणून दगडांचे ढीग वर्गापासून लांब ठेवावेत, गवत कापलेले असावे. कुंपणाला बाहेरच्या अंगाने सागरगोट्याची काटेरी वेल लावली, तर जनावरे आत येत नाहीत आणि मुलींच्या खेळाला गोटेही मिळतात. सर्वांत मोठा शत्रू मे महिना. जूनमध्ये फोटोसाठी लावलेली रोपे पुढच्या उन्हाळ्यात वाळतात, कारण तेव्हा शाळेला कुलूप असते. पन्नास रोपांऐवजी दहाच लावावीत, बुडाशी पाचोळ्याचे आच्छादन आणि शेजारी पाण्याचे मडके पुरावे, आणि सुट्टीतली पाळी दहा घरांना वाटून द्यावी. आधीच कागदपत्रांनी वाकलेल्या गुरुजींवर हे काम टाकले, तर ते टिकणार नाही. ते गावाचे काम आहे.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा विकास आराखडा तयार करण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली आहे. त्या समितीत बहुसंख्य पालकच असतात. त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या बैठकीत मुलांनी काढलेला आवाराचा नकाशा टेबलावर ठेवावा आणि गट्टूंची मागणी वाटेपुरती मर्यादित करावी. झाडांचे खड्डे उन्हाळ्यातच घेऊन तापू द्यावे लागतात. जूनची तयारी करायची, तर ठराव या हिवाळ्यात व्हायला हवा.