मावळ्याच्या पायाखाली

माणसाने खरे बोलावे, हे सगळ्यांना मान्य आहे. पण खरे लहान करून सांगायचे झाले तर ते खरेच राहते का, याविषयी शास्त्रकारांनी काही लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही. बहुधा त्यांच्या घरी दिवाळीचा किल्ला होत नसावा.

पुण्याकडे अंगणातला किल्ला घरोघर. आमच्या खानदेशात तो हौशी घरांतच असतो. पण जिथे असतो तिथे वादासकट असतो. किल्ल्याच्या आकारावरून कुणी भांडत नाही, कारण कोसळून जो उरेल तोच आकार, हे गृहीतच धरलेले असते. भांडण असते ते साहित्यावरून. दोन बोटे उंचीचा मातीचा मावळा बाजारात तयार मिळतो. त्याच्या पायाखाली काय घालावे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.

आमच्या नात्यात याबाबत दोन पंथ आहेत. धुळ्याचे तात्या, म्हणजे माझे थोरले काका, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा रस्त्यालगत लळिंगचा किल्ला आहे. एके काळी ते फारुकी राजांचे मोठे ठाणे. तात्यांचे म्हणणे असे, की लळिंग करायचा तर मुरूम तिथला, खडे तिथले आणि वाळके गवतही तिथलेच. "खरं ते खरं!" जळगावच्या मामांचे दैवत वेगळे. हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा, वाळवलेला चहाचा चोथा आणि झाडांच्या जागी पऱ्हाटीच्या काटक्या. "अहो तात्या, दिसल्याशी कारण! असलंच पाहिजे असं कुठंय?"

मी दोघांचेही किल्ले पाहिले आहेत. तात्यांच्या लळिंगवरचा अस्सल खडा मावळ्याच्या छातीला लागत होता, आणि अस्सल गवताची काडी त्याच्याशेजारी नारळाच्या झाडासारखी उभी होती. उलट मामांचा भुसा चार पावलांवरून हिरव्यागार कुरणासारखा दिसे आणि चोथा नुकत्याच नांगरलेल्या शेतासारखा. डोंगर शंभर पटींनी लहान केला, तर खडाही तितकाच लहान हवा. निसर्ग एवढी सवलत देत नाही. म्हणून खरी वस्तू खोटी दिसते आणि खोटी खरी. अर्थात मामांनाही एक खरी वस्तू टाळता येत नाही, ती म्हणजे जळगावची काळी माती. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. धनत्रयोदशीला उभा केलेला बुरूज भाऊबीजेला दुभंगतो. मामा शांतपणे सांगतात, "तोफेचा मारा झाला."

हा वाद खानदेशापुरताच आहे असे समजू नका. 1812 साली प्रशियात बॅरन फॉन राइसविट्झ या गृहस्थांनी राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्यासाठी युद्धाचा खेळ तयार केला. महाराजांपुढे वाळू काय ठेवायची, म्हणून प्लास्टरच्या रंगवलेल्या तुकड्यांचे डोंगर आणि नद्या असलेले मेज करून दिले. पुढे 1824 मध्ये त्यांच्या मुलाने तोच खेळ नकाशावर आणला, तेव्हा कुठे सैन्याने तो मनावर घेतला. राजाला प्लास्टर, सैन्याला कागद आणि पोरांना चिखल, अशी ही वाटणी आहे.

तात्या आणि मामा यांचे एकमत होते ते फक्त हळिवावर. हळीव भिजले की त्याला चिकट, बुळबुळीत आवरण येते. त्यामुळे ते उतारावरच्या गोणपाटाला धरून राहते आणि दोन-तीन दिवसांत कोंब काढते. ते खरेही असते आणि खरे दिसतेही. पण धर्मसंकट नेमके इथेच आले. एका दिवाळीत मामांची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्या लाडवांसाठी आणलेले बरणीभर हळीव नातवाने बिनबोभाट डोंगरावर पेरले. मामी कडाडल्या, "बाळंतिणीच्या तोंडचं डोंगराच्या डोक्यावर?" मामा म्हणाले, "दुसरं आणतो की." मामी म्हणाल्या, "आणाल हो! प्रश्न पैशांचा नाही." तो नव्हताच. खाण्याची वस्तू शोभेला वापरावी का, हा प्रश्न बाजारात जाऊन सुटत नाही.

त्या वर्षी गल्लीत किल्ल्यांची स्पर्धा होती. परीक्षकांनी नातवाला विचारले, "साहित्य काय वापरलंस?" पोरगा घडाघडा बोलू लागला, "गोणपाट वाण्याचं, भुसा सुताराचा, चोथा आमच्या चहाचा आणि हळीव आत्याच्या लाडवांचं." शेजारच्या दारात विकत आणलेला प्लास्टरचा किल्ला होता. तिथल्या मुलाला तोच प्रश्न विचारल्यावर त्याने वडिलांकडे पाहिले, आणि वडिलांनी आकाशकंदिलाकडे. पहिला नंबर प्लास्टरला मिळाला.

त्या दिवशी मला खऱ्या-खोट्याचा थोडा उलगडा झाला. भुसा गवताचे सोंग घेतो, पण जवळ जाऊन विचारा, तो म्हणेल, "मी भुसा." त्यात कुणाची फसवणूक नाही. तात्यांचा खडाही तितकाच प्रामाणिक, फक्त त्याला आपल्या आकाराचे भान नाही. प्लास्टरही बिचारे निर्दोष. खोटे होते ते त्या आकाशकंदिलाकडे पाहण्यात. सोंग घ्यायला हरकत नाही. नाव विचारल्यावर सांगता आले पाहिजे. हाच नियम मी आता माणसांनाही लावून पाहतो. फार थोडी माणसे भुशाच्या पंक्तीला बसतात.

राहिला मामींचा प्रश्न. नातवाने आत्याचे नाव चारचौघांत घेतल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. लेकीसाठी नवे हळीव आणवून त्यांनी लाडू वळले. तुळशीच्या लग्नाआधी किल्ला मोडायची वेळ आली तेव्हा कात्री घेऊन बसल्या, डोंगरावरचे हिरवे कोंब कापले, तीन पाण्यांनी धुतले आणि काकडीच्या कोशिंबिरीत घातले. किंचित तिखटसर लागत होते. मावळे बाजूला काढून ठेवले होते आणि गड आम्ही सगळ्यांनी मिळून चार घासांत संपवला.