परक्याचे लेकरू



सिनेमाचा आणि धम्माचा संबंध काय, असे एखादे वृद्ध उपासक विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. परंतु आपल्या घरातील मुले वंदनेला दहा मिनिटे बसतात आणि पडद्यासमोर दोन-दोन तास बसतात, हीही वस्तुस्थिती आहे. ती जे पाहतात त्याचा विचार विहारात व्हायला नको काय? भगवान बुद्धांनी शेतकऱ्याला शेतीच्या दाखल्याने धम्म सांगितला आणि वीणा वाजवणाऱ्या सोणाला वीणेच्या तारांचा दाखला दिला. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे आहे तेथूनच सुरुवात करावी, ही तथागतांची रीत होती. म्हणून आज एका चित्रपटाची गोष्ट विचारासाठी घेऊ.

१९७७ साली ‘इन्कार’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला. दिग्दर्शक राज सिप्पी. विनोद खन्ना पोलीस अधिकारी, अमजद खान गुन्हेगार आणि मराठी रंगभूमीचे थोर नट डॉ. श्रीराम लागू हे धनाढ्य गृहस्थ. जुन्या मंडळींना त्यातील हेलन यांचा नाच आणि उषा मंगेशकरांचे गाणे आठवत असेल, गोष्ट मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेली. ही गोष्ट मूळची बाहेरची. अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाने १९६३ साली तिच्यावर चित्रपट केला, त्याच्या नावाचा अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’. त्यांनी तिचे बीज एड मॅकबेन या अमेरिकन लेखकाच्या १९५९ च्या कादंबरीतून घेतले होते. २०२५ साली स्पाइक ली या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने तीच गोष्ट न्यूयॉर्क शहरात नेऊन पुन्हा सांगितली. देश बदलले, भाषा बदलल्या, तरी गोष्ट जुनी होत नाही. तेव्हा तिच्यात माणसाची काही दुखरी नस असली पाहिजे.

जपानी चित्रपटातील गोष्ट अशी. योकोहामा शहरात टेकडीवरच्या मोठ्या बंगल्यात गोंडो नावाचा बुटांच्या कंपनीतला अधिकारी राहतो. सोळाव्या वर्षापासून बूट शिवत शिवत वर चढलेला माणूस. कंपनीतले इतर संचालक म्हणतात, तकलादू बूट काढू आणि नफा कमवू. गोंडोला ते मान्य नाही. कंपनी आपल्या हाती यावी म्हणून तो राहत्या घरासकट सर्वस्व गहाण टाकून पाच कोटी येन उभे करतो. त्याच रात्री फोन येतो : तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, तीन कोटी येन द्या. गोंडो क्षणाचाही विचार न करता म्हणतो, देतो. आणि एवढ्यात त्याचा मुलगा खेळता खेळता घरात येतो. मग पळवला कोण? त्याच्याबरोबर खेळणारा, बंगल्यातील ड्रायव्हरचा मुलगा. पोरांनी खेळात कपड्यांची अदलाबदल केली होती.

गुन्हेगाराला चूक कळते, पण तो म्हणतो, मुलगा कोणाचाही असो, पैसे तुम्हीच द्यायचे.

बंधूंनो, येथे जरा थांबा. घटकेपूर्वी जो बाप सर्वस्व द्यायला तयार होता, तोच आता म्हणतो, मी देणार नाही. पैसे तेच, धोका तोच, आणि पळवलेले पोर त्याच वयाचे. बदलले ते एकच : ‘माझा’ याच्या जागी ‘परक्याचा’ आला. एवढ्या एका शब्दाने माणसाची करुणा आटते. हाच तो शब्द आहे, ज्यावर आपल्या देशात हजारो वर्षे गावकुसाची भिंत उभी राहिली.

गोंडो दुष्ट नाही, हे ध्यानात ठेवा. तो कष्टाळू आहे, धंद्यात प्रामाणिक आहे. त्याचा हिशेबही चूक नाही; पैसे दिले तर तो रस्त्यावर येणार. त्याची पत्नी विनवते, दोन दिवस घरात घालमेल चालते. शेवटी तो पैसे देतो आणि खरोखरच सर्वस्व गमावतो. मुलगा सुखरूप परत येतो. घरावर मात्र जप्ती येते. अखेरीस गोंडो एक लहानसा बुटांचा कारखाना चालवू लागतो.

मेत्त सुत्तात तथागतांनी मैत्रीची थोरवी सांगताना एकुलत्या एका मुलाला जिवापाड जपणाऱ्या आईचा दाखला दिला आहे. आपण तो पुष्कळदा ऐकतो आणि स्वतःच्या मुलापुरता घेतो. परंतु सुत्ताचा रोख वेगळा आहे. आई आपल्या लेकरासाठी जे करते ते सर्व प्राणिमात्रांसाठी करा, असे त्यात सांगितले आहे. स्वतःच्या पोरावर माया करायला धम्म लागत नाही, ती पशुपक्षीही करतात. परक्याच्या पोरासाठी पदरमोड करावी लागते तेव्हा धम्माची कसोटी लागते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की बंधुभावाची जोड नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरच्याच राहतील. बंधुभाव म्हणजे सभेच्या शेवटी म्हणायचा शब्द नव्हे. त्याला किंमत पडते, आणि ती किंमत कधी कधी राहत्या घराएवढी असते.

आता त्या ड्रायव्हरकडे पाहा. तो मालकाच्या पायाशी जमिनीवर डोके टेकून आपल्या मुलाच्या जिवाची भीक मागतो. पुढे तर मालकाचा नाश पाहवेना म्हणून तोच म्हणतो, साहेब, पैसे देऊ नका. स्वतःच्या लेकराच्या जिवावर उदार व्हावे लागते, एवढे दडपण त्या बापावर आहे. हे वाकणे आपल्या आजा-पणजाला ठाऊक होते.

कर्जत-खालापुरात राहणाऱ्यांनी हे चित्र फार लांबचे मानू नये. मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांची फार्महाऊसे आपल्या डोंगरउतारांवर उभी राहिली. त्यांची राखण करणारे कुटुंब कोठे कातकरी असते, कोठे ठाकर, कोठे आपल्यातलेच. मालक शनिवार-रविवारी येतो, राखणदाराचे पोर मालकाच्या पोराबरोबर पोहण्याच्या तलावाकाठी खेळते, आणि संध्याकाळी एक पोर वरच्या खोलीत जाते, दुसरे मागच्या खोपटात. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : झेपेल एवढेच काम द्यावे, वेळेवर अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड झाले तर वाटून खावे, आणि योग्य वेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कामगारांची सनद आहे.

ती वाचून लगेच श्रीमंतांकडे बोट दाखवू नका. आरक्षणामुळे, शिक्षणामुळे आपल्यातील काही कुटुंबे आज नेरळला, बदलापूरला, पनवेलला फ्लॅटमध्ये गेली. त्यांच्या घरीही आता धुणेभांड्याला बाई येते. तिचा कप वेगळा ठेवलेला नाही ना? तिचे मूल तापाने फणफणले असेल तर त्या दिवसाचा पगार कापत नाही ना? दीक्षा घेताना सर्व माणसे समान मानीन अशी प्रतिज्ञा आपण केली. ती प्रतिज्ञा वरच्यांनी आपल्याशी कसे वागावे एवढ्यापुरती नव्हती.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. बंगल्यातले मूल पळवले गेले म्हणून चित्रपटात सारे पोलीस खाते धावते. वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर गेलेल्या आईचे मूल हरवले तर? पुष्कळदा तिला सांगतात, गेले असेल नातेवाइकांकडे, येईल दोन दिवसांनी. तिने आणि आपण लक्षात ठेवावे की सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या खटल्यात स्पष्ट आदेश दिला आहे : मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवावा, आणि ते पळवले गेले असे धरून तपास करावा. खंडणीसाठी अपहरण करणाऱ्यास फाशी किंवा जन्मठेप, हे कलम आपल्या दंडसंहितेत १९९३ साली आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम १४० मध्ये आहे. कायदा आहे, पण त्या आईबरोबर चौकीची पायरी चढणारा लिहिता-वाचता माणूस पाहिजे. तो माणूस आपल्यापैकी कोणी का असू नये?

आता गुन्हेगाराकडे वळू. जपानी चित्रपटात तो दवाखान्यात काम करणारा शिकाऊ डॉक्टर आहे. टेकडीच्या पायथ्याशी कोंदट वस्तीत राहतो. उन्हाळ्यात खोली तापते, हिवाळ्यात गारठते. खिडकीतून रोज वरचा बंगला दिसतो. वर स्वर्ग, खाली नरक. पाहता पाहता द्वेष साचतो आणि त्याला जगण्याचे तेवढेच कारण उरते.

भगवंतांनी असली कारणे नजरेआड केली नाहीत. चक्कवत्ति सीहनाद सुत्तात त्यांनी सांगितले आहे की राजाने निर्धनांना धन दिले नाही, त्यातून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या. कूटदन्त सुत्तात पुरोहित राजाला सांगतो की नुसत्या दंडाने लुटारू संपत नाहीत. शेतकऱ्याला बी द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला वेतन द्या. बाबासाहेबांनीही १९४९ च्या त्याच भाषणात इशारा दिला होता की विषमता वेळीच दूर केली नाही तर तिचे चटके सोसणारे लोक लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील. म्हणजे धम्माच्या दृष्टीने स्वर्ग आणि नरक मेल्यानंतरचे नाहीत. एकाच टेकडीच्या माथ्यावर आणि पायथ्याशी ते माणसांनीच बांधलेले आहेत.

पण कारण कळले म्हणून कृत्य क्षम्य ठरत नाही. या शिकाऊ डॉक्टरने पळवले कोणाचे पोर? त्याच्यासारख्याच गरिबाचे. आणि मारले कोणाला? आपल्याच दोन साथीदारांना, व्यसनाने खंगलेल्या नवरा-बायकोला. द्वेषाची धार वरच्यावर उगारली जाते आणि पडते खालच्यावर. अदत्त वस्तू घेऊ नये हे शील आपण रोज म्हणतो. आईच्या कुशीतले मूल घेण्यापेक्षा मोठे अदत्तादान कोणते?

परळच्या चाळीत एका खोलीत शिकलेल्या बाबासाहेबांना त्या डॉक्टरपेक्षा कमी चटके बसले होते काय? आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. त्यानंतर आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, डोकी फुटली. चिडलेले शेकडो लोक इशाऱ्याची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, हात उचलू दिला नाही. लढा पुढे नेला तो सत्याग्रहाने आणि न्यायालयात. चीड तीच होती, पण तिला त्यांनी दिशा दिली. त्या दिशेलाच आपण धम्म म्हणतो.

शेवटी भीतीविषयी. मुले पळवणाऱ्यांच्या गोष्टी पाहून मनात जी भीती बसते तिचेही रूप ओळखले पाहिजे. २०१८ साली मोबाईलवर मुले पळवणाऱ्या टोळीच्या चित्रफिती देशभर फिरत होत्या. त्यांतील एक तर कराचीत लोकजागृतीसाठी मुद्दाम बनवलेल्या फितीचा कापलेला तुकडा होता. अशाच अफवेवरून १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. आपल्या लेकरांच्या मायेपोटी निघालेल्या माणसांनी दुसऱ्यांची पाच लेकरे संपवली! ‘माझे’ आणि ‘परके’ यांच्यामधली भिंत भीतीने जितकी लवकर बांधली जाते तितकी द्वेषानेही बांधली जात नाही. आपण स्वतः किती काळ संशयित जमात म्हणून जगलो, हे ज्याला आठवते त्याने अशा जमावात पाऊल टाकू नये, आणि जमाव दिसला तर त्याच्या आड उभे राहावे. शंका आली तर ११२ किंवा मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक फिरवावा. पारखल्याशिवाय मानू नका, ही कालामांना सांगितलेली शिकवण मोबाईललाही लागू आहे.

चित्रपटाच्या अखेरीस गोंडो तुरुंगात त्या गुन्हेगाराला भेटायला जातो. आपण एकमेकांचा द्वेषच केला पाहिजे असे तुला का वाटते, अशा अर्थाचे तो विचारतो. समोरचा माणूस आधी तोऱ्यात बोलतो, मग ओरडत कोसळतो, आणि दोघांमधला पडदा खाली येतो. अंगुलिमालाला तथागत वाटेत भेटले तेव्हा तो थांबला, पालटला, आणि पुढे लोकांचे दगड अंगावर घेऊनही शांत राहिला. या तरुणाला तसा कोणी वेळेवर भेटला नाही.

तो वेळेवर भेटणारा माणूस होणे, हेच आपले काम आहे. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आपापल्या वस्तीत चौकशी करा : कोणते मूल शाळेतून गळाले, कोणत्या राखणदाराचे पोर रात्री एकटे असते, कोणता शिकलेला तरुण बेकारीने कडवट होत चालला आहे. ती नावे वहीत लिहून घ्या आणि प्रत्येक नावाला आपल्यातले एक घर जोडून द्या. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याच्या लेण्यात, कान्हाचा शिष्य बलक याने हे केले, असे दगडात कोरलेले आहे. दोन हजार वर्षे झाली, ते नाव अजून वाचता येते. आपल्या नावापुढे काय कोरले जावे, हे आपणच ठरवायचे आहे.

भवतु सब्ब मंगलं.